पाच साहेबांच्या नावानं

ती बाई खिडकीवर पाच पाकिटं एकाखाली एक मांडायची, तळहातानं सरळ करायची आणि म्हणायची, "पोच पायजे, बाबू. पाचही जनाची."

मी तेव्हा देवरीच्या वाटेवरच्या एका लहान पोस्टात रजिस्ट्रीच्या खिडकीवर होतो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची पाठ वळली की आपण हसतो. मीही हसायचो.

तिचा पाठचा भाऊ गावाजवळच्या कारखान्यात चौकीदार होता. कारखान्याच्या सांडपाण्याचं मोठं तळं होतं. एका वर्षी दोन दिवस धो धो पाऊस झाला, तळ्याचा बांध फुटला आणि भाऊ चौकीसकट गेला. कंपनी म्हणाली, असा पाऊस कधी पडलाच नव्हता, आम्हाला काय माहीत? पोलिसांनी धरलं ते सुपरवायझरला. त्याला सोडा म्हणून हीच ठाण्यात जाऊन भांडली. "बांध किती उच्चा ठेवाचा ते त्यानं ठरवलं काय? त्याले कायले धरता?"

बांध पुन्हा तेवढाच बांधला. तेव्हापासून दर मे महिन्यात ती पाच संचालकांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर रजिस्ट्री करू लागली. पत्ते कुठून काढले, ते तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मजकूर दरवर्षी तोच: पाऊस बदलला आहे. महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो. बांध जुन्या पावसाचा आहे, उंच करा. माहीत नव्हतं म्हणू नका.

"बाई, कंपनीच्या नावानं एकच टाका ना," मी म्हणायचो.

"कंपनीले तोंड असते काय, बाबू? मले त्या पाच जनायचं तोंड पाह्याचं आहे. कोर्टात. उभं करून."

एकदा एका साहेबाचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आलं. मला वाईट वाटलं. ती मात्र खुदकन हसली. "नाही म्हनला ना? म्हंजे दारात तर गेलं होतं." शेऱ्याजवळचा शिक्का पुसट होता, तो तिनं माझ्याकडून पुन्हा मारून घेतला.

सहाव्या वर्षी बांध परत फुटला. धानाच्या रोवण्याला गेलेल्या दोन बाया वाहून गेल्या. खटला झाला तेव्हा कंपनीचा वकील कोर्टात म्हणाला, संचालकांना धोक्याची कल्पना कोणी दिलीच नव्हती. बाईनं पिशवी उघडली. सगळ्या पोचपावत्या सह्यांसकट वर्षवार टाचलेल्या होत्या, नकाराचं ते पाकीटही त्यांतच होतं. समन्स निघाले ते पाच माणसांच्या नावानं.

तारखेच्या पंधरा दिवस आधी ती तापानं गेली. मेली तेव्हा मला तिचा रागच आला. एवढी थांबलीस, अजून पंधरा दिवस थांबायला काय झालं होतं?

मला रजिस्ट्रीची नोंद घेऊन साक्षीला बोलावलं होतं. गोंदियाचं कोर्ट, भर उन्हाळा, पंखा नावाला. शिपायानं एकेक नाव पुकारलं, एकेक साहेब उठून उभा राहिला. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं हात जोडले. गुडघे दुखतात, बसू द्या म्हणाला. तुमचं मन द्रवलं असतं. माझं नाही द्रवलं. न्यायाधीश कागद चाळत होते, तेवढ्या वेळात मी पाचही तोंडं नीट पाहून घेतली. घाई केली नाही. तिच्या वाटचंही मलाच पाहायचं होतं.