रिकामा खड्डा दाखवणारा

खाण कंपन्यांची पत्रके माझ्या हातांतून पुष्कळ गेली, पण आपला रिकामा खड्डा दाखवणारा माणूस मला एकदाच भेटला. दिग्गीच्या रानात मँगनीज शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीचा तो मुकादम होता. कंपनी चालू ठेवायची की मोडायची, हे ठरवायला बेळगावहून भागधारक आले होते. बातमीसाठी मीही त्यांच्या बैलगाडीत होतो.

मुकादमाने आम्हाला थेट नव्या खड्ड्यापाशी नेले. आत उतरून त्याने तळाची माती काढली आणि प्रत्येकाच्या हातावर थोडी थोडी ठेवली. ती नुसती तांबडी माती होती.

"आमचा पैसा ह्यात पुरलास व्हय रं?" एक शेटजी म्हणाले. "निदान मँगनीजचा एखादा काळा दगड तरी टाकून ठेवायचास!"

सगळे हसले.

"हाय की पिशवीत, दुसऱ्या खाणीतला. टाकू?" मुकादम म्हणाला. "मग उद्या खरा घावला, तर तुमी इश्वास ठेवशीला काय, शेटजी?"

शेटजी हातातल्या मातीकडे पाहत राहिले.

"पुढचा खड्डा कुठं?" त्यांनी विचारले.

मुकादमाने कुदळ खांद्यावर टाकली आणि तो चढण चढू लागला. शेटजी माती मुठीत धरूनच त्याच्या मागे निघाले.