वकीलसाहेबांनी मोहफुलं वेचली

नाशिकहून गाडी हलली आणि यांनी खिशातून कागद काढला. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच कुठे निघायची ही पहिली वेळ. सासूबाई नणंदेकडे, मुलं वसतिगृहात, घराला कुलूप. मी खिडकीशी मांडी घालून बसले होते, आणि हे मला आमच्या थोरल्या मुलाच्या, मधूच्या लग्नाची यादी वाचून दाखवत होते. येवल्याच्या मंडळींकडून काय काय घ्यायचं ती यादी. हुंडा, वरदक्षिणा, घड्याळ, सायकल, चांदीचं ताट, व्याह्यांचा मान, विहिणीचा मान. मुलगी मला पसंत होती, मधूला तर इतकी पसंत होती की तो तिच्या गावाचं नाव निघालं तरी लाजायचा. अडलं होतं ते या कागदावर. "एवढं दिलं नाही तर नकार कळवायचा," असं यांचं म्हणणं, आणि नुसती मुलगी आणायची असं माझं. उत्तर परतल्यावर धाडायचं होतं. तोवर भांडायला आम्हाला पंधरा दिवस मोकळे होते, आणि मनमाड येईपर्यंत आम्ही त्यातला बराच भाग वापरून टाकला.

जायचं कुठे, हे यांच्या शाळासोबत्याने ठरवलं होतं. ते जंगलखात्यात रेंजर. चैत्रात आमच्या झाडीत या, म्हणून तीन वर्षं लिहीत होते. नागपूर मागे पडलं तशी पळसाची झाडं रुळालगत येऊन उभी राहिली. पान एक नाही, सगळा लाल फुलोरा. मी यांना हाक मारून दाखवायला गेले, तर हे सायकल नवी मागावी की वापरलेली चालेल, या विचारात होते.

पहिला मुक्काम तिरोड्याला केला आणि छकड्यातून चोरखमाऱ्याचा तलाव पाहायला गेलो. तीन बाजूंनी टेकड्या, मधे एवढं पाणी, आणि काठाला धानाच्या बांध्या (भातखाचरं). वाटेत छकड्याचं एक चाक खड्ड्यात गेलं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी यांच्या मांडीवर उपडी झाली. तलावावर आधी धोतर धुतलं, मग निसर्ग पाहिला. गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता. त्याने मला विचारलं, "बाई, तुमच्याकडे तलाव नाई काय? इतक्या दुरून पानी पाहाले कायले आले?" मी यांच्याकडे बोट दाखवलं. नाशिकचे वकीलसाहेब पुन्हा धोतर पिळायला लागले.

गोंदियाला गाडी बदलताना चार तास फलाटावर काढावे लागले. स्टेशनाबाहेर भाताच्या गिरण्यांचा कोंडा हवेत उडत होता, ओट्यांवर बायका विड्या वळत होत्या, आणि सगळीकडे हिंदी चाललेलं. यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. तेवढ्यावर यांनी हमालाशी हुज्जत घातली आणि हरले. हलवायाकडची गरम जिलबी खाऊन तो पराभव विसरले.

सालेकशाला उतरलो तेव्हा रेंजरसाहेब दौऱ्यावर गेलेले. त्यांनी आमची सोय जंगलातल्या डाकबंगल्यात केली होती. तिथला चौकीदार मंगरू गडी मोठा गोड. त्याने पहिल्याच रात्री लाखोरीच्या डाळीचे वडे आणि मऊ भात वाढला. हे सात वडे खाऊन मग मला म्हणाले, प्रवासात माणसानं हलकं खावं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही फिरायला निघालो. बंगल्याच्या मागे एक भलंमोठं झाड होतं आणि खालच्या जमिनीवर पिवळसर पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. वास असा की भूक लागावी. मोहाची फुलं! जंगलातलं झाड, कुंपण नाही, कोणी माणूस नाही. मी पदर पसरला आणि भरभर वेचायला लागले. हे वेचत नव्हते, खात होते. गोड लागतात म्हणाले आणि पुन्हा वाकले. पदर निम्मा भरला तेवढ्यात झाडीतून एक म्हातारी आली. हातात काठी, डोक्यावर रिकामी टोपली, एका पायाने लंगडत. गुडघा चांगलाच सुजलेला. आमच्याकडे पाहून ती काही ओरडली नाही. टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "माह्या झाडाखाली काऊन येचून राहिले?"

झालं. यांना अशील नसलं तरी चालतं. हे लागले सांगायला की जंगल सरकारचं आहे, झाड सरकारचं आहे, जमिनीवर कुणाची नोंद नाही, तेव्हा मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग काठीने जमीन दाखवली. मी तेव्हा कुठे नीट पाहिलं. झाडाखाली एवढ्या मोठ्या गोलात एक वाळकं पान नव्हतं. गवत जाळून, झाडून अंगणासारखं लख्ख केलेलं. "हे कोनं झाडलं?" ती म्हणाली. "तुह्या सरकारनं?"

नाशिकच्या कोर्टात यांना गप्प करणारा अजून कोणी जन्मला नाही असं हे सांगतात. मला तरी त्या दिवशी सालेकशात तो जन्म पाहायला मिळाला.

तेवढ्यात मंगरू धावत आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. त्याने समजावून सांगितलं की इथे कुंपण नसलं तरी मोहाचं झाडन्‌झाड कुणाचं ना कुणाचं असतं. ज्याने खालची जागा झाडली त्याचं झाड. दुसऱ्याच्या झाडाखाली गावातलं पोरसुद्धा वाकत नाही. म्हातारी गोंडाची, नाव बुधिया. सून बाळंतपणाला माहेरी, मुलगा दूर लाकडाच्या कामावर. फुलं पंधरा-वीस दिवसच पडतात आणि सकाळी लवकर उचलली नाहीत तर गुरं आणि हरणं खाऊन जातात. पावसाळ्यात तिच्या घरी याच फुलांवर दिवस निघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदरातली फुलं मी तिच्या टोपलीत ओतली. यांनी खिशात हात घातला, पण बुधियाने मान हलवली. तिला हात हवे होते. तीन सकाळी येऊन वेचून द्या, म्हणाली, म्हणजे झालं.

मला वाटलं हे अपील करतील. पण निकाल मानायचा असतो, एवढं वकिलाला कळतं.

पहिल्या सकाळी यांनी धोतराचा काचा मारला आणि कोटाच्या बाह्या दुमडल्या. कोट काढला नाही, कारण कामाला जायचं म्हणजे कोट हवा. अर्ध्या घटकेत कंबर धरली. मंगरूने सहज सांगितलं होतं की मोहाखाली कधीकधी अस्वलही येतं. त्यामुळे मागे झुडूप खसखसलं तेव्हा हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. झुडपातून गाय निघाली. बुधियाने तिला हाकललं आणि यांना गायीपेक्षा जरा मऊ आवाजात बसायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी यांनी कोट घातला नाही. गुडघे टेकून वेचत होते, आणि माझी टोपली आधी भरली म्हणून रुसले. खरं सांगते, तळहात असे मातीने भरलेले आणि कपाळावर घाम असलेले हे मला फार आवडले. रात्री यादीवरून भांडण झालं ते मात्र नेहमीसारखंच. यादी खोडत खोडत हे घड्याळावर आले, पण त्याखाली उतरेनात.

तिसऱ्या सकाळी टोपल्या भरल्यावर बुधिया झाडाच्या बुंध्याशी बसली. मीही बसले. हे चार हात अंतरावर उरलेली फुलं गोळा करत होते. ती त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "तुहा बुढा कामाचा होय. तुह्या बापाच्या घरी कितीक साल राबला?"

मला कळेना. मग तिने सांगितलं. तिचा नवरा तिच्या बापाकडे तीन वर्षं राहिला, बैल चारले, नांगर धरला, तेव्हा बापाने त्याला मुलगी दिली. त्यांच्यात असं असतं. मी हसून सांगितलं की आमच्यात नवरा काही करत नाही. उलट माझ्याच वडिलांनी यांना पैसे दिले, ताट दिलं, अंगठी दिली, वरून पायसुद्धा धुतले.

बुधियाने माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा, हात, पाय, सगळं नीट पाहिलं. मग आवाज उतरवून, मला वाईट वाटू नये अशा बेताने तिने विचारलं, "बाई, तुह्यात काय खोट होती?"

तीन दिवस सगळ्याला हसत होते मी. आता हसू येईना. माझ्या लग्नाआधी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या होत्या आणि मांडवात ती पदराने हात झाकून वावरत होती, ते डोळ्यांपुढे आलं. मला रडू फुटलं. बुधिया घाबरली, चुकीचं विचारलं असं वाटून माझी पाठ थोपटायला लागली.

हे उठले. हातातली फुलं टोपलीत टाकली आणि म्हणाले, "तिच्यात नव्हती, बाई. माझ्यात होती."

बुधियाने यांनाही एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला ते पटलेलं दिसलं.

परतताना गोंदियाच्या फलाटावर यांनी येवल्याला पत्र लिहिलं. मी वाचायला मागितलं तर आधी देईनात. त्यात लिहिलं होतं की मुलगी सर्व प्रकारे पसंत आहे, तिच्यात काही खोट नाही, सबब काहीही घेणार नाही. मुलाची परीक्षा झाली की तो तीन दिवस आपल्याकडे येईल. त्याला कामाला लावावे. कामाचा वाटल्यास ठेवून घ्यावा, नाहीतर परत धाडावा.

येवल्याची मंडळी आठवडाभर हे पत्र सगळ्या आळीला वाचून दाखवत होती म्हणे. मधूने तिथे तीन दिवस विहिरीचं पाणी शेंदलं, हाताला फोड आले, आणि त्याला कोणी परत धाडलं नाही. लग्न वैशाखात झालं. या सगळ्या प्रवासातून मी घरी काय आणलं म्हणाल तर मूठभर वाळलेली फुलं, आणि एक हिशेब. तीन वर्षांपैकी तीन दिवस हे राबले आहेत. बाकीचे मी सध्या रोज सकाळी वसूल करते. आज दळण आणायला गेले आहेत.