मांगुराचा श्रावण

शिवाजी पेठेतल्या केरबाला रंकाळ्याच्या काठावर सगळे ओळखत, ते त्याच्या आमिषाच्या वासावरून. मांगूर डोळ्यानं न्हाय, वासानं खातोय, असं तो म्हणायचा आणि कोंबडीची आतडी उन्हात कुजवून गळाला लावायचा. परत आला की अंघोळ केल्याशिवाय त्याची बायको सुरेखा त्याला उंबरा ओलांडू देत नसे.

श्रावणात मात्र पंचाईत व्हायची. केरबा श्रावण कडक पाळायचा, आतड्याला बोटही लावायचा नाही. पण रंकाळ्यावर गेल्याशिवाय त्याला करमतही नसे. यंदा त्यानं शेंगपेंड आंबवली, कणकेत मळली आणि सुरेखाच्या डबीतला हिंग त्यात ओतला. मांगूर तुटून पडले. मासा लागला की केरबा अलगद गळ काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचा. महिनाभर हेच चाललं.

श्रावण सुटल्यावर तो आतड्यांचा डबा घेऊन पहाटेच काठावर जाऊन बसला. दुपारी रिकाम्या पिशवीनं परतला.

"एकबी शिवला न्हाय," तो म्हणाला.

सुरेखानं वाटून ठेवलेल्या मसाल्यावर झाकण घातलं.

"तुमचा श्रावण सुटला," ती म्हणाली. "त्यास्नी कुणी सांगितलंय?"