ऐकायला या, न्यायला येऊ नका

आमच्या माजघरात दोन स्पीकर उभे आहेत. उभे आहेत असंच म्हणायला हवं, कारण ते माझ्या कमरेच्या वर येतात, आणि त्यांना जमिनीवरून उचलून कुठे चढवायचा विचार कोणाच्या मनातही येऊ नये अशा बेताने ते बनवलेले आहेत. बाहेरून अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, पुढे तपकिरी जाळीचं कापड, आणि कापडामागे जेवणाच्या ताटाएवढा काळा पडदा, जो आवाजाबरोबर आतबाहेर होतो. घरी नवीन आलेला माणूस आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मला ते आवडतं. लोक दागिन्यांचा मिरवतात तेवढाच गर्व मला ह्या दोघांचा आहे आणि तो लपवायचे कष्ट मी घेत नाही.

ते आणले माझ्या सासऱ्यांनी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबा बोटीवर होते, इंजिनाच्या खोलीत. सगळं उमेदीचं वय त्या घरघरीत गेलेल्या माणसाला कसली हौस असावी, तर गाण्याची. बरोबरचे लोक परदेशातल्या बंदरांवरून साड्या, अत्तरं, कॅमेरे आणायचे. आबांनी जपानमधून हे आणले, आणि ते वाजवायचं मशीन. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "लोकांचे नवरे बोटीवरून साड्या आणतात. माझ्याने दोन सवती आणल्या." सवती म्हणायच्या आणि रोज पदराने पुसायच्या.

मुंबईहून ते ट्रकने हातखंब्याला उतरले, तिथून टेम्पोने आमच्या फाट्यापर्यंत. पुढे प्रश्न. आमचं घर रस्त्यापासून बरंच खाली, आणि खाली यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, तेव्हाही तीच आणि आजही तीच. मग वाडीतले पुरुष जमले, दोन्ही खोकी बांबूंना बांधली आणि पालखी आणावी तशी खांद्यावरून खाली आणली. आमच्या भजनाचे आजचे बुवा तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेले होते. पुढचा खांदा त्यांचा होता. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते, पण हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मीही त्या पाखाडीवरून मागोमाग चालत आले असं मला वाटतं.

आता ज्यांनी खांद्यावरून आणलं, त्यांचा हक्क लागतोच. वाडीत कोणाचं कार्य निघालं की एका घरची पातेली, दुसऱ्या घरच्या सतरंज्या, तिसऱ्या घरची समई असं सगळं गोळा होतं, आणि कोणी नाही म्हणत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात चाकरमानी आल्यावर वाडीची सत्यनारायणाची पूजा निघाली आणि आबांनी स्पीकर दिले. आनंदाने दिले. दुपारी घरचं आटोपून आबा देवळाकडे जाऊन बघतात तर दोन्ही स्पीकर देवळासमोरच्या फणसाला काथ्याने बांधलेले, तोंडं आभाळाकडे, आणि त्यांना भोंग्याच्या मशीनची वायर जोडलेली! एवढी मोठी खोकी, म्हणजे आवाज केवढा मोठा असणार, हा हिशोब. खालच्या वाडीला ऐकू गेलं पाहिजे, हा हेतू. संध्याकाळी वळवाची सर आली ती वेगळीच. एकाचा आतला भाग जळला, दुसऱ्याचा पापुद्रा सुटला.

आबा कोणाला काही बोलले नाहीत. पुढच्या फेरीत त्यांनी तिकडून सुटा भाग आणला, स्वतः बसवला, पापुद्रा चिकटवला आणि पुढच्या वर्षी मंडळी मागायला आली तेव्हा ओटीवर उभं राहून सांगितलं, "ऐकायला या. केव्हाही या. न्यायला येऊ नका." वाडीने हे हसण्यावारी नेलं, कारण आबांचं वय, आबांचा मान, आबांनी देवळाला दिलेली घंटा. पण ऐकायला कोणी आलं नाही. कोणाच्या घरी जाऊन खोक्यासमोर बसायचं, हे आमच्याकडे कोणाला सुचणार?

ऐकायला बसले ती मी. लग्न होऊन आले, तेव्हा दुपारी सगळे आडवे झाले की आबा गाणं लावायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसायची. एकदा त्यांनी मला बोलावलं. दोन स्पीकरांच्या बरोबर समोर, थोडं मागे, एक पाट मांडला आणि म्हणाले, "इथे बस. आता सांग, बाई कुठे उभी राहून गातेय?" मी बघितलं, तर आवाज डावीकडून नव्हता, उजवीकडूनही नव्हता. दोघांच्या मधल्या मोकळ्या भिंतीतून येत होता. मी उठून भिंतीला हात लावून आले. आबा इतके हसले की सासूबाई जाग्या झाल्या. त्या दिवसापासून तो पाट माझा.

आणि कामही माझं झालं. समुद्र आमच्यापासून लांब नाही. आरे-वारेच्या बाजूने वारा सुटला की खिडकीचे गज खारट लागतात. लोखंडाला गंज, लाकडाला बुरशी, कापडाला कुबट वास, हे ज्याच्या नशिबी असतं त्या हवेत जपानी वस्तू सांभाळायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आबांनी त्यांना जांभ्याच्या घडीव चिऱ्यांवर उभं केलं होतं, जमिनीची ओल चढू नये म्हणून. आगोटीच्या दिवसांत, पावसाळ्याची बेगमी करताना, मी आमसुलं वाळवते, गाद्यांना ऊन दाखवते आणि जाळीची कापडं काढून धुते. खोकी मात्र उन्हात नेत नाही. शेजारणीने एकदा प्रेमाने सुचवलं होतं, पापडांच्या शेजारी ठेव म्हणून. पावसाळ्यात तर मी ते रोज थोडा वेळ वाजवतेच; चालू राहिलं की आत ओल धरत नाही, असं आबा म्हणायचे. खरं असेल नसेल. मला निमित्त मिळालं. पडद्याच्या कडेचा फोम कुजला तेव्हा आबांच्या हाताला कंप सुटला होता. त्यांनी शेजारी बसून सांगितलं आणि मी ब्लेडने जुना खरवडून नवा चिकटवला. पहिला सूर आला तेव्हा आबा म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी भाकरीसाठीही कधी ऐकला नव्हता.

आबा गेले. वर्ष उलटलं आणि मे महिन्यात वाडीची मंडळी पुन्हा ओटीवर आली. पुढे बुवा. आता ते वाडीतले सगळ्यात मोठे.

"सूनबाय," बुवा म्हणाले, "आबा होते तवर आमी काय बोललो नाय. आता तू तरी नाय म्हनू नको. आमच्या खांद्यावरून आलंत ते."

आमचे हे दाराशी उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली, म्हणजे देऊन टाक. स्वभावच तसा आहे. वाडीत कोणाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येतं. पण मला डोळ्यांपुढे फणस दिसत होता.

"खांद्यावरून आणलेत हे ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "म्हणून तर सांगते. ऐकायला केव्हाही या. न्यायला येऊ नका."

आबांनी म्हटलं तेव्हा जो रुबाब होता, तो सुनेने म्हटल्यावर उद्धटपणा झाला. बुवा उठले. चहा तसाच राहिला.

त्याचा अर्थ काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पाखाडीवर भेटलेली माणसं बोलायची, पण थांबायची नाहीत. आणि खरी भीती पुढे होती. गणपतीत वाडीचे पुरुष घरोघर आरत्यांना जातात, आणि ज्या घराची पाळी असेल तिथे बसून भजन होतं. दुसऱ्या दिवशीचं भजन आमच्या घरी, हे आबांच्याही आधीपासून. ज्या घरी वाडी बसत नाही, ते घर वाडीत असून नसल्यासारखं. मी बाहेरून आलेली. पण ह्यांचा जन्म इथला. पावसाळाभर ते एकदाही मला टाकून बोलले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त लागायचं.

गणपती आमच्याकडे माजघरातच बसतो, स्पीकर असतात त्याच भिंतीला. दर वर्षी आदल्या दिवशी वाडीतले चौघे येऊन ते दुसऱ्या खोलीत उचलून ठेवायचे. त्या वर्षी कोणी आलं नाही. ह्यांच्या कमरेला पट्टा. मी एकटी किती रेटणार? शेवटी म्हटलं, राहू देत. दोघांच्या मधोमध चौरंग मांडला, त्यावर मखर. स्पीकरच्या मशीनचा प्लग काढून तिथे मखराच्या लाइटिंगचा लावला. दोन बाजूंना दोन खांब असल्यासारखं दिसत होतं आणि खरं सांगते, छान दिसत होतं.

पहिल्या दिवशी आरतीला सगळे आले. देवाशी कोणाचं वाकडं नाही. उभ्याने आरत्या म्हटल्या, प्रसाद घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी सतरंज्या घातल्या, वाटाण्याची उसळ केली, चहाचं आधण ठेवलं. मंडळी आली आणि एकजण दारातच म्हणाला, "आज नुसत्या आरत्या. भजन वरच्या घरात ठरलाय." आमचे हे माझ्याकडे न बघता सतरंजीच्या घड्या पायाने सरळ करू लागले. मी त्यांच्या त्या पायाकडे बघत राहिले. मला वाटलं, देऊन टाकले असते तर काय झालं असतं? दोन लाकडी खोकी.

आरत्या सुरू झाल्या. बुवांचे गुडघे धरलेले; उभं राहता राहता त्यांनी आधाराला हात टेकला तो डाव्या स्पीकरवर. झांजा चढत गेल्या, गळ्यात अडकवलेला पखवाज घुमू लागला. आणि बुवा आरतीत चुकले. कधी न चुकणारा माणूस. आरती संपली तसं त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यो चालू हाय काय गो?"

"नाही. वायरच काढलेली आहे."

"मंग हाताला लागतंय कसा?"

"तुमचा पखवाज घुमतोय त्याच्या पोटात."

बुवांनी पखवाजवाल्याला पुन्हा थाप मारायला लावली. पूर्ण तळवा टेकवून, मान कलती करून ऐकलं. दारातली मंडळी चपला शोधत होती ती थांबली.

मी विचार केला नाही. मखराचे दिवे बंद केले, त्यांचा प्लग काढून मशीनचा लावला. समईचा उजेड तेवढा राहिला. आबांच्या आवडीचा एक जुना अभंग लावला, साथीला फक्त पखवाज आणि टाळ. माझा पाट आणून बुवांसमोर मांडला. "बसा."

ते बसले. अभंग सुरू झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "येवढाच आवाज?"

"येवढाच," मी म्हटलं.

"गप रे," बुवा म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळाने त्यांनी उजवा हात उचलला आणि बोट दाखवलं. "टाळवाला हितं हाय. पखवाज त्याच्या मागं, जरा डावीकडं." बोट सरकत सरकत मध्ये आलं. "आनी गानारा..." डोळे उघडले. बोट सरळ गणपतीवर होतं. मखरात स्पीकर नव्हता, वायर नव्हती, काही नव्हतं. दूर्वा, जास्वंद आणि मूर्ती. आवाज तिथूनच येत होता.

बुवांनी हात जोडले. मग मागे वळून म्हणाले, "बसा रे सगली. भजन हितंच."

उसळ पुरली नाही. मला पुन्हा शिजवावी लागली, आणि आयुष्यात कुठलंही काम मी इतक्या आनंदाने केलेलं नाही. ह्यांनी भजनात टाळ घेतला होता आणि त्यांचा ताल नेहमीसारखाच चुकत होता.

त्यानंतर बुवा येतात. दुपारी, सगळे आडवे झाले की. पाटावर बसतात, कधी एक गाणं ऐकतात, कधी ऐकता ऐकता झोपतात. मी तांदूळ निवडत बसते. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ते असेच ओटीवर टेकले होते आणि खालच्या वाडीची चार माणसं पाखाडी चढून आली. त्यांची पूजा होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकाने विषय काढला, एका रात्रीसाठी ते मोठे स्पीकर मिळतील का म्हणून. मी तोंड उघडायच्या आत बुवा सरळ होऊन बसले.

"ऐकायला या," ते म्हणाले. "कवापन या. न्यायला येव नका. आमच्या वाडीचे हायत ते."

घरातली साधी वाटी जरी कोणी आपली म्हटली तरी मी टोकते, हे सगळी वाडी जाणते. बुवांना मी टोकलं नाही. पाहुण्यांना आत बोलावलं आणि पाट मांडला.