हशाची जागा

पुण्याहून निघताना मी माझ्या पोरांना ऐटीत सांगितलं, "विनोदाच्या विद्यापीठात चाललोय. परत आल्यावर तुम्हाला ओळखही देणार नाही." ही पोरं माझ्याकडे आयत्या वेळी विनोद रचायला शिकतात. विद्यापीठ म्हणजे परभणी जिल्ह्यात चारठाण्याजवळच्या एका खेड्यातले गेनूअण्णा, तमाशातले सोंगाडे. त्यांच्या आठवणींचं पातळ पुस्तक वाचताना मी इतका हसलो, की शेजाऱ्यांनी डॉक्टर बोलावला. चुडाव्याच्या जत्रेत भर खेळात स्टेजवर शेळी चढते आणि राजाची दाढी खायला लागते. अण्णा तिलाच मुजरा करतात, "पट्टराणी, जेवण झालं असंल तर दरबार भरवू का?" पुस्तकातला धडा एकच. समोरच्याने फेकलेलं वाक्य खाली पडू द्यायचं नाही. 'नाही' म्हटलं की बतावणी (ऐन वेळी रचलेली विनोदी जुगलबंदी) मेली. 'हो' म्हणून झेलायचं आणि शेपूट जोडून परत फेकायचं.

त्यांचा फोन मात्र बरेच दिवस बंद लागत होता. मोठ्या कलाकाराला एवढा नखरा शोभतो, असं म्हणून मी तसाच गाडीत बसलो.

सेलूला सकाळीच उतरलो, तर उन्हाला घाबरून माझी सावली बाकाखाली जाऊन बसली. स्टेशनबाहेर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) खाल्ली. ती इतकी तिखट, की मला माझे पणजोबा समोर उभे दिसले. मग काळी-पिवळी जीप. माझ्या मांडीवर कोकरू होतं आणि कोकराच्या मांडीवरही बहुधा कुणीतरी होतं. बाहेर काळी रानं, त्यात वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या.

"कुनाकडं चाललाव?" ड्रायव्हरने विचारलं.

"गेनूअण्णा सोंगाड्यांकडे."

"बराबर दिवशी आलाव," तो म्हणाला. "आज दहावा हाय त्यांचा."

त्याने मला नदीवरच उतरवलं. नदी म्हणजे दोन डबकी आणि त्यांच्यामधली वाळू. भाताचा पिंड मांडला होता आणि बाभळीवर कावळे बसले होते. पिंडाकडे एकही बघेना. म्हणजे अण्णांची काही इच्छा राहिली होती, आणि माणसं मोठ्याने वचनं देत होती. कुणी ढोलकी जपायला तयार, कुणी फड पुन्हा उभा करायला. कावळे ढिम्म.

शेवटी विधी सांगणाऱ्या महाराजांनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. शेजारचा पटकेवाला म्हातारा माझ्या कानाशी आला. "आता दर्भ शिवताना जे शेवटचं बोललं जाईल, ती अण्णाची इच्छा. मग ती मोडता येत न्हाई."

अण्णांचा धाकटा भाऊ मारुतीकाका पुढे झाला. फडात राजा व्हायचा तो हाच. दाढी खाल्ली गेली ती ह्याचीच. "दादा, रेणुकीचं लगीन औंदाच करतो. वर्साच्या आत न्हाई झालं तर तीन वर्सं थांबावं लागतंय. पोरगा बघितलाय."

"पोर परभणीला नर्सिंग करायलीय," म्हातारा पुटपुटला. "लगीन झालं की शिक्षण बंद, असं पोराकडच्यांनी सांगितलंय."

रेणुका अण्णांची एकुलती एक. ती काकाच्या शेजारी येऊन उभी राहिली. "हो अण्णा, करते की लगीन! काका म्हनतेत त्याच पोराशी. आन काका मला आधी कोर्स पुरा करू देतेत."

पिंडापुढे 'नाही' कोण म्हणणार? काकाही जुना गडी. "हो दादा, करू दे की! सासरी करू दे. चुलीपुढं पुस्तक धरायला कोन नको म्हनायलाय?"

"हो, चुलीपुढंच शिकते. तवर भाकरी नवरदेव थापतोय. काका मांडवातच त्याच्या हातात परात देनार हायेत."

अख्खा घाट फुटला. केस उतरवलेला पुतण्या हसला, महाराज हसले, आणि माझं हसू तर जिंतूरच्या बाजारात ऐकू गेलं असेल. रेणुकाच्या ओठावर पुढचं वाक्य आलेलं दिसत होतं. पण ती थांबली. हशा ओसरेपर्यंत कसलेला नट थांबतोच.

राजाच्या वाट्याला जन्मात कधी हशा आला नव्हता. त्याला थांबायची सवय नव्हती. "दादा, लगीन औंदाच!" तो आमच्या हसण्यावरून ओरडला, आणि महाराजांनी हसता हसताच दर्भ टेकवला.

घरी पिठलं-भाकरी होती. रेणुकाच वाढत होती. मी हळूच विचारलं, "पुढचं वाक्य काय होतं गं?"

"आता सांगून काय करू, सर? हशाला थांबायचं, हे अण्णानंच शिकवलं."

काका माझ्याजवळ येऊन टेकला. डोळे सुजलेले. "पोरीला आय न्हाई, आता बापबी गेला. मी आठ म्हैने मेंढरामागं रानात. कुनाच्या भरवशावर सोडू, तुमीच सांगा."

वाटेत भेटेल त्याच्याशी वाद घालणारा मी, खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो.

निघताना ती दारापर्यंत आली. "लग्नाला या, सर."

गेलो नाही. पुण्यात पोरं विचारतात, तिकडे काय शिकलात? मी त्यांना भल्याभल्या थापा मारतो. पण तालमीत कुणी हशासाठी थांबलं, की मी खुर्चीवरून उठून ओरडतो, "थांबू नकोस, बोल! बोल लवकर!" पोरांना वाटतं, सर कुठलं तरी नवीन तंत्र शिकवतायत.