कडुलिंबाखालची जागा

नगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले आणि लगोलग मला पीएच.डी.ची हौस आली. विषय घेतला, जत्रेतल्या छोट्या दुकानदारांमधली स्पर्धा. शेवगावच्या पुढे एका टेकडीवर देवी आहे. चैत्रात तिची जत्रा भरते आणि पायथ्याला पालं लागतात, म्हणजे बांबू-गोणपाटाची चार दिवसांची दुकानं. एक जत्रा मी नीट पाहिली, दुसरी दुष्काळात सापडली. पुण्याचे माझे मार्गदर्शक म्हणाले, "यात्रेकरूच येणार नसतील तर अभ्यास कशाचा? विषय बदला." कोणी बदला म्हटलं की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाईक असताना दुकानदार कसा वागतो हे शेंबडं पोरही सांगेल, नसताना काय करतो ते मला बघायचंय, असं त्यांना तोंडावर सांगून मी एस.टी. पकडली.

आदल्या जत्रेत मी सगळ्यात जास्त वेळ दोन कासारणींपाशी काढला होता. त्यांची पालं समोरासमोर. एकीचं कडुलिंबाच्या सावलीत, दुसरीचं भर उन्हात. सावलीतली किडकिडीत, हसरी. उन्हातली आडव्या बांध्याची आणि जिभेला हाड नसलेली. "तिच्याकडं कशाला जाता, काच न्हाई ती, बत्तासा हाय नुसता!" असं ती रस्त्यावरच्या बायकांना ओरडून सांगे. सावलीतलीही काही कमी नव्हती. कडुलिंबाखालची ती जागा आपल्याला मिळावी म्हणून उन्हातलीने कितीतरी वर्षं देवीला साकडं घातलं होतं, आणि हे तिने मलाच बिनदिक्कत सांगितलं होतं.

जत्रेतल्या जागेचा तिथला रिवाज कडक होता. पाल लावून भागत नसे. मुख्य दिवशी संध्याकाळच्या आरतीपूर्वी देवळाचा गुरव फेरी मारी. ज्या पालात भवानी झाली, म्हणजे निदान पहिली विक्री झाली, त्याच्या पुढच्या बांबूला तो कुंकवाचं बोट लावी. कुंकू लागलं की पुढच्या वर्षी जागा तुमची. नाही लागलं तर जागा मोकळी, आणि पहिला हक्क समोरच्याचा.

दुष्काळातल्या त्या जत्रेच्या मुख्य दिवशी सकाळी मी उतरले तर सावलीतली कासारीण फाट्यावरच उभी होती. सोबत बांगड्यांची पेटी. ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नवरा लांबच्या तलावाच्या कामावर. हजेरी बुडाली की नाव कमी होणार आणि त्या जागी उभं राहायला माणसं टपलेली. इकडे न बसावं तर आईच्या वेळेपासूनची जागा जाणार.

"बाई, तुमी आजचा दिस बसता का?" तिने विचारलं. "पाल लावलंय म्या, भवानी तेवढी झाली पायजे."

आमच्या घरात सात पिढ्या पोथ्या आणि पोरं सांभाळण्यात गेल्या, तागडी कोणी धरली नव्हती. पण तिचे हात दिसले. खडीने सोललेले, आणि त्यात एकही बांगडी नव्हती. मी हो म्हटलं.

बसले. पेटीत एकाच तऱ्हेच्या बांगड्या, हिरव्यावर पिवळे ठिपके. आदल्या वर्षी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध निवांत झोपलं होतं. रेवडीवाल्याची भवानी गावातल्या पोरांनी केली, नारळवाल्याची पाटलांनी. बांगड्यांना कोण येणार? दुपारी एक सासू-सून आल्या. मी मोठ्या आशेने "या" म्हटलं, पण माझ्या आवाजात वर्गातल्या हजेरीचा सूर असावा, कारण दोघी दचकून समोर गेल्या. समोरच्या बाईची भवानी झाली. ती माझ्याकडे बघून जे हसली ते मला अजून झोंबतं.

उन्हं कलली तशी मी उठून देवळात गेले. गुरवाला विचारलं, मीच विकत घेतल्या तर? तो म्हणाला, "बसनारा सोडून कुनीबी घ्यावं." मी पालात परतून बसते तोवर तो देवळाकडून पहिल्या पालापर्यंत आला. हातात कुंकवाची वाटी. मला अक्षरशः रडू यायला लागलं.

तेवढ्यात समोरची उठली. रस्ता ओलांडून माझ्यापुढे बसली आणि हात पुढे केला.

"भरा."

मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणतेय की काय.

"भरा की! भाव काय?"

मी भाव सांगितला. तिने तो पाडून मागितला. मला वाटलं थट्टा करतेय, पण ती हटेना. गुरव तीन पालांवर आला तरी ही आपली घासाघीस करतेय! शेवटी मी हात टेकले. पहिलीच बांगडी भरताना माझ्याकडून काडकन गेली. "फुटली!" मी ओरडले.

"वाढली म्हना. आन् अंगठा आत दाबा, हात काय लाकडाचा हाय का माजा?"

मनगटावर रक्ताचा ठिपका आला, तो तिने पदराला पुसला. चार बांगड्या बसल्या. पैसे मोजून दिले. गुरवाने बघितलं आणि बांबूला कुंकू लावलं.

"तुम्हाला मिळत होती की जागा," मी म्हटलं.

"मिळत हुती," ती उठत म्हणाली. "मंग मी भांडायचं कुनाशी? त्या रेवडीवाल्याशी?"

हा प्रसंग मी प्रबंधात घातला. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, हा व्यवहार स्पर्धेत बसत नाही, वगळावा. मी वगळला नाही. त्यावरून आमचं महिनाभर बोलणं बंद होतं. स्पर्धा म्हणजे दुसऱ्याला उठवणं असं मीही वर्गात घडाघडा शिकवत आले होते, आता ते वाक्य फळ्यावर लिहिताना हात अडखळायला लागला.

पुढच्या वर्षी जत्रा पुन्हा फुलली. सावलीतली तिच्या जागी, उन्हातली उन्हात. मला बघून दोघींनी हाका मारल्या. मी सावलीत जाऊन बसले, तशी समोरून तोफ सुटली.

"बाई, तिच्याकडं भरू नगा! दोन दिस टिकत न्हाई तिचा माल! म्या सोता भरून बघितल्यात!"

रस्त्यावरच्या बायका थांबल्या. सावलीतली तोंडाला पदर लावून हसत होती. समोरची हात उंचावून ओरडतच होती, आणि त्या हातात पिवळ्या ठिपक्यांच्या चारही बांगड्या होत्या.