एकही गोंडा न गमावता

पाय मोडला तेव्हा मला दुखण्यापेक्षा राग जास्त आला. धक्क्याच्या ज्या पायऱ्यांवरून मी लग्न होऊन आल्यापासून मासळीच्या पाट्या वाहिल्या, त्याच पायऱ्यांवरच्या शेवाळाने मला एका सकाळी आडवं केलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि घरी पाठवलं. आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीच्या तोंडावर. ऐन बोंबलांचा हंगाम, सगळ्या बायका वाळवणाच्या मागे लागलेल्या, आणि मी ओटीवर खाट टाकून पडलेली. नवरा बोट घेऊन गेला की आठवडा-आठवडा दर्यावर. मुलगी पनवेलला कॉलेजात, होस्टेलवर राहणारी. ती येऊन दोन दिवस राहिली आणि जाताना माझ्या फोनमध्ये एक खेळ टाकून गेली.

"आई, तू गप्प पडून राहणार नाहीस. भांडायला माणूस न्हाय घरात. हा खेळ."

खेळ तसा सोपा दिसायचा. छताला एक दार उघडतं. त्यातून गुबगुबीत, दोन पायांचे जीव एकामागून एक खाली टपकतात. डोक्यावर लाल गोंडा, म्हणून मी त्यांना गोंडेच म्हणायला लागले. हे गोंडे जमिनीवर पडले की सरळ चालत सुटतात. भिंत आली की वळतात, खड्डा आला की पडतात, पाणी आलं की बुडतात. थांबायचं त्यांना माहीतच नाही. पलीकडे कुठेतरी बाहेर जायचं दार असतं, तिथवर त्यांना जिवंत पोचवायचं. त्यांना हात लावून वळवता येत नाही. फक्त एखाद्या गोंड्याला काम नेमून देता येतं, आणि प्रत्येक टप्प्यात कामं मोजकीच मिळतात.

कामांची नावं इंग्रजीत होती. मी माझी ठेवली. हात पसरून उभा राहतो आणि आलेल्याला परत फिरवतो तो हवालदार. विटांचा पूल बांधतो तो गवंडी. खाली सरळ खणतो तो विहीरवाला, आडवं पोखरतो तो बोगदेवाला. भिंतीला चिकटून वर जाते ती घोरपड. उंचावरून अलगद उतरतो तो छत्रीवाला. आणि शेवटचा फटाका. त्याला काम दिलं की थोड्या वेळाने तो फुटतो, आजूबाजूची जमीन उडवतो, स्वतःही जातो.

मला या खेळाची भीती कधी वाटली नाही. लिलावात शंभर आवाज एकदम चालू असताना कुठला आपला, हे मी कानाने ओळखते. इथे तर आवाजही नव्हते. पहिले टप्पे मी भराभर उरकले. माझी पद्धत सरळ होती: हवालदार उभा करायचा, मागे गर्दी अडवायची, वाट करायची आणि शेवटी त्या हवालदारालाच फटाका करून टाकायचं. एक गेला, बाकीचे पोचले. हिशेब चुकता.

माझं जेवण धाकटी जाऊ आणून द्यायची. तिचा दरवाजा माझ्या दरवाजाला लागून, मध्ये एक भिंत. पण आम्ही बोलत नव्हतो. आदल्या वर्षीच्या नारळी पुनवेपासून बोलणं बंद होतं. त्याला कारण माझा दीर. दोघे भाऊ एकाच बोटीवर जायचे. एक दिवस दिराने बोट सोडली आणि बंदरावर ट्रेलर चालवायला लागला. माझ्या नवऱ्याला बाहेरून खलाशी घ्यावे लागले, तेही कधी टिकायचे, कधी पळायचे. पुनवेच्या दिवशी, नारळ सोडून सगळे परत येत असताना, मी सगळ्यांच्या देखत बोलले, "दर्याला भिणाऱ्यानं टायरच फिरवावेत." दीर पुढे चालत राहिला. जाऊ बोलली. मग मी बोलले. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींच्या दारावरून मान खाली घालून जायला लागलो.

तरी पाय मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन आली. खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "जेवण ठेवलंय." मीही भिंतीलाच म्हटलं, "बरं." असं रोज चालू झालं. भात, माशाचं आंबट, कधी वाळल्या जवळ्याची चटणी. तिच्या हाताला चव होती. हे मी भिंतीलाही सांगितलं नाही.

एके दुपारी मी एका टप्प्यावर अडकले होते. दार उघडायचं, गोंडे टपकायचे, आणि मी पूल बांधायला घेईपर्यंत पुढचे पाच-सहा पाण्यात. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. जाऊ ताट घेऊन उभी होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. एकदम मागून आवाज आला.

"अगो ताय, दोघांना उभं कर. एक हिकडं, एक तिकडं. मधल्यांना फिरू दे. एकट्याला पुढं काढ."

मी मान वर केली. तीही दचकली. बोलून गेली होती.

"एकट्याला कसा काढू? दोन्हीकडून अडवलं की सगळेच अडकले."

"अडवायच्या आधी काढ. पहिला पडला की त्याला जाऊ दे, दुसऱ्याला हवालदार कर."

तिला हवालदार हा शब्द माहीत होता. म्हणजे मी गेले कित्येक दिवस एकटीच मोठ्याने बोलत होते आणि ती भिंतीपलीकडून ऐकत होती. मी तसं करून पाहिलं. पहिला गोंडा पुढे गेला, त्याने निवांत पूल बांधला. बाकीचे दोन हवालदारांच्या मध्ये येरझाऱ्या घालत राहिले. पूल झाला तसा मी पुढच्या हवालदाराला फोडला. धूर झाला, वाट मोकळी झाली.

"ह्ये काय केलंस?" जाऊ म्हणाली.

"वाट केली."

"त्याला मारलास."

"अगो, तो खेळ हाय."

ती ताट ठेवून गेली. भिंतीला काही न सांगता गेली. पण दुसऱ्या दिवशी आली तेव्हा स्वतःचं ताटही घेऊन आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

मग रोज दुपारी आम्ही खेळायला लागलो. बोंबील दोऱ्यांवर टाकून झाले की ती यायची, हातांना मासळीचा वास तसाच. बोलणं फक्त गोंड्यांचं. तिची पद्धत माझ्यापेक्षा अगदी वेगळी. ती खेळ सुरूच करू द्यायची नाही. आधी थांबवायची, बोटाने पडदा सरकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. कामं किती दिलीत ते बघायची. "दोन छत्र्या दिल्यान, म्हंजे कुठंतरी उंच पडायचं हाय," असं म्हणायची. खेळवणाऱ्याने उगाच काही दिलेलं नसतं, हे तिने शोधून काढलं. मी मात्र तिच्यासारखी बघत बसू शकत नाही. मला दोन-चार गोंडे बुडवून मगच पाणी किती खोल ते कळतं. पण नेमक्या क्षणाला बोट टेकवायचं असेल, तर ते माझं काम. गवंड्याच्या विटा संपल्या की तो क्षणभर खांदे उडवून उभा राहतो. त्या क्षणात त्याला पुन्हा काम दिलं नाही, तर तो स्वतःच्याच पुलावरून खाली पडतो. जाऊ घाबरून भलत्याच गोंड्यावर बोट टेकवायची. मी एकदाही चुकले नाही. माझ्यासारखी वेळ साधणारी गावात दुसरी नसेल, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तोंडाची वेळ तेवढी साध." आणि आम्ही दोघी हसलो. बऱ्याच काळाने.

पुढे एक टप्पा आला. एकही गोंडा न गमावता सगळे पोचवायचे, अशी अट. मधोमध उंच भिंत, तिच्यावर बाण काढलेले. म्हणजे ती फक्त पलीकडून अलीकडे पोखरता येणार. डावीकडे पाणी. भिंतीपलीकडे दरी, दरीपलीकडे दार. पाण्याच्या बाजूला हवालदार उभा करावाच लागत होता, नाहीतर सगळे बुडणार. आणि हवालदार एकदा उभा राहिला की हलत नाही. फटाका दिलेला होता, पण तो वापरला की अट मोडली.

बाकीचं जाऊने एका बैठकीत सोडवलं. एकाच गोंड्याला घोरपड आणि छत्रीवाला अशी दोन्ही कामं द्यायची. तो भिंत चढून पलीकडे अलगद उतरतो, दरीच्या अलीकडच्या दगडाला आपटून वळतो, आणि वळला की त्यालाच बोगदेवाला करायचा. तो पलीकडून पोखरत आला की सगळ्यांना वाट. दरीवर गवंडी. सगळे पोचायचे आणि डावीकडे तो एकटा हवालदार हात पसरून उभा राहायचा.

"एकच राहिला," मी म्हटलं. "सोडून देऊ. पुढच्या टप्प्याला जाता येतं की."

"न्हाय," जाऊ म्हणाली. "आणायचा."

चार-पाच दुपारी आम्ही त्या एकट्यावर घालवल्या. एकदा मांजराने माझ्या ताटातली तुकडी नेली, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. मी तर उठूच शकत नव्हते.

शेवटी ते मला सापडलं, आणि चुकून सापडलं. एक गोंडा हवालदाराला आपटून वळला, त्याच वेळी माझं बोट विहीरवाल्यावर पडलं. तो हवालदाराच्या अगदी पायाशी खणायला लागला. जमीन खचली, हवालदार खड्ड्यात पडला आणि पडताक्षणी हात खाली करून इतरांसारखा चालायला लागला!

"सुटला!" जाऊ ओरडली. "ताय, सुटला तो!"

पण दोघेही खड्ड्यात, आणि विहीरवाला खणतच चाललेला. या वेळी तिने डोकं लावलं. "खणणाऱ्याला गवंडी कर. विटा लावत वर येतील." त्यासाठी दरीवरची एक गवंड्याची पाळी वाचवायला हवी होती. तीही तिने पुलाची सुरुवात जरा पुढून करून वाचवली. पुन्हा पहिल्यापासून खेळलो. दोन हात खणल्याबरोबर मी बोट टेकवलं. खणणं थांबलं, पायऱ्या चढल्या. हवालदार खड्ड्याच्या भिंतीला आपटून वळला आणि त्या पायऱ्यांवरून बाहेर आला. बोगद्यातून, पुलावरून, सगळ्यांच्या शेवटी दारात शिरला.

जाऊने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आनंदाने.

"काय गो, एवढं काय?"

पदर खाली करून ती म्हणाली, "तुझ्या दिरानं बोट न्हाय सोडली. मी सोडवली."

आणि तिने सांगितलं. जाळं सोडताना दोर दिराच्या घोट्यात अडकला होता आणि जाळ्याबरोबर तो पाण्यात ओढला गेला होता. माझ्या नवऱ्याने दोर कापून त्याला वर घेतलं. त्यानंतर बोट खाडीबाहेर पडली की त्याला ओकाऱ्या व्हायच्या. दोघा भावांनी ठरवलं, घरात सांगायचं नाही. जाऊला घोट्यावरचा वण दिसला तेव्हा तिने त्याच्याकडून काढून घेतलं आणि शपथ घातली, पुन्हा बोटीवर पाय ठेवायचा नाही.

"मग पुनवेला हे सांगितलं का न्हाईस?"

"सगल्यांच्या समोर? त्याला काय तोंड राहिलं असतं?"

मी फोन बंद करून उशीखाली सरकवला.

नवरा परत आला तेव्हा तो धड ओटीवर टेकलाही नसेल, तोच मी विचारलं, "भाऊ पाण्यात पडला होता ते तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि मी पुनवेला बोलले तेव्हा तू शेजारी उभा होतास."

"तू थांबतेस कुठं?" तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मी त्या रात्री त्याच्याशी भांडले, आणि बरोबर भांडले. मला कुणी सांगितलं असतं तर माझ्या तोंडून ते वाक्य आलं नसतं. पण आलं होतं, आणि चारचौघांत आलं होतं. तेव्हा ते चारचौघांतच निस्तरायचं, असं मी ठरवलं.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन मी पहिल्यांदा बाजारात बसले त्या दिवशी आमच्या रांगेतल्या सगळ्या बायका हजर होत्या. कुणीतरी दिराचा विषय काढला, तो काढला जाणारच होता. मी आवाज चढवून म्हटलं, "माझा दीर दर्यातून जिवंत परत आलेला माणूस हाय. आणि आता तो ट्रेलर असा मागं घेतो, की तुमच्या नवऱ्यांना बोट धक्क्याला तशी लावता येत न्हाय." मग एकीने कोयता उचलला आणि सुरमई कापायला घेतली. तो विषय पुन्हा निघाला नाही. जाऊ माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्या पाटीवर बर्फ टाकला, भरपूर.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी दीर आम्हा दोघींना केबिनमध्ये बसवून करंजा बंदराच्या बाजूला घेऊन गेला. रिकामा ट्रेलर पोचवायचा होता, म्हणाला, चला बसून. चढताना त्याने मला हात दिला आणि वर ओढून घेतलं. रस्त्यात गाड्यांची लांब रांग लागली होती. इंजिन बंद करून तो चहा आणायला उतरला. जाऊने फोन काढला. आता तिचाही स्वतःचा फोन आहे आणि ती माझ्यापेक्षा दोन टप्पे पुढे आहे, ते मला मुळीच आवडत नाही. नव्या टप्प्यात जमीन बर्फाची होती, गोंडे घसरत सुटायचे. दीर चहाचे तीन ग्लास घेऊन वर आला, आमच्या खांद्यावरून बघायला लागला आणि म्हणाला, "ब्रेकच न्हाय काय यांना?"

"न्हाय," जाऊ म्हणाली. "तुझा चहा पी."

रांग पुढे सरकली तरी आमचा टप्पा सुटला नव्हता. अजूनही सुटलेला नाही. सुटेल.